थांबा, पासवर्ड बदलू नका! फोनवर ऑफिसचा मेल, नवख्यांसाठी

जुलैमध्ये एखाद्या सकाळी कुर्ला-शीवच्या रुळांवर पाणी चढलं, की आमच्या हेल्पडेस्कचा फोन आठच्या आत वाजायला लागतो. पलीकडे बहुतेक वेळा नवीन जॉईन झालेलं कोणीतरी असतं. लॅपटॉप ऑफिसात, गाड्या बंद, हातात फक्त फोन आणि साहेबांनी मेलवर काहीतरी मागितलेलं. "मॅडम, मेल उघडत नाहीये." मी विचारते, "तुम्ही काय काय करून बघितलंत?" उत्तर ठरलेलं: "पासवर्ड रिसेट केला."

झालं! आधी एक बिघाड होता, आता दोन झाले.

मेल अडला तर दोष चारपैकी एका ठिकाणी असतो: नेट, ब्राउझर, तुमचं खातं किंवा कंपनीचा सर्व्हर. पासवर्डचा संबंध यातल्या फक्त खात्याशी, आणि तिथेसुद्धा दर वेळी नाही. म्हणून खाली सगळं याच क्रमाने लिहिलंय. आधी सुरुवात नीट कशी करायची ते, मग अडल्यावर कुठून बघत जायचं ते.

अ‍ॅप की ब्राउझर?

वेबमेल म्हणजे ब्राउझरमध्ये पत्ता टाकून उघडायचा मेल. तुमच्या कंपनीत तो आऊटलुकचा असेल, गुगल वर्कस्पेसचा, झोहोचा, किंवा लहान कंपनी असेल तर राउंडक्यूब किंवा झिम्ब्रा. चेहरा वेगळा, चालणं साधारण सारखं. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू केला, तेव्हाची कल्पना आजही तीच आहे: मेल सर्व्हरवर राहतो, तुम्ही कुठल्याही यंत्रावरून जाऊन बघता आणि निघून येता.

फोन तुमचा स्वतःचा असेल, कंपनीने दिलेला नसेल, तर निदान पहिले काही महिने ब्राउझरच वापरा, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण सांगते. फोनमधल्या मेल अ‍ॅपमध्ये 'एक्स्चेंज' प्रकारचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवरचं, ऑफिसचं खातं जोडताना बऱ्याचदा एक पडदा येतो. त्यात लिहिलेलं असतं की या खात्याच्या सर्व्हरला फोनवरचा सगळा डेटा पुसायचा अधिकार मिळेल. लोक तो न वाचता 'अ‍ॅक्टिव्हेट' दाबतात. उद्या नोकरी सोडलीत, किंवा फोन हरवला म्हणून तुम्हीच कळवलंत आणि आयटीवाल्यांनी चुकीचं बटण दाबलं, तर मुलीच्या बारशाचे फोटोही त्यातच जातील. अँड्रॉइडवर कंपनीने 'वर्क प्रोफाइल' दिली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ऑफिसच्या अ‍ॅपवर छोट्या बॅगेचं चिन्ह दिसतं आणि पुसलं तर तेवढंच पुसलं जातं.

ब्राउझरची उणीव एकच, मेल आल्याची टिंग वाजत नाही. तुमचं काम दर दहा मिनिटांनी मेल बघायचं असेल, तर कंपनीने सांगितलेलं अ‍ॅप घ्या, पण तो वरचा पडदा वाचून.

पहिल्यांदा उघडताना

हे शक्यतो ऑफिसात बसून करा. शेजारी कोणीतरी विचारायला असताना. रात्री अकराला घरी करू नका.

वेबमेलचा पत्ता आयटीकडून लिहून घ्या आणि तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाइप करा. गुगलवर 'कंपनीचं नाव वेबमेल लॉगिन' असं शोधून पहिल्या निकालावर बोट ठेवायची सवय लावून घेऊ नका, खोटी पानं तिथेच गळ टाकून बसलेली असतात.

मग युजरनेम. इथे निम्मी नवीन मंडळी अडतात, कारण तीन प्रकार असतात: काही ठिकाणी पूर्ण ईमेल पत्ता, काही ठिकाणी फक्त एम्प्लॉयी कोड, तर काही ठिकाणी आधी कंपनीच्या डोमेनचं नाव, मग उलटी तिरकी रेघ आणि मग तुमचं नाव. ती उलटी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, फोनच्या किबोर्डवर सापडता सापडत नाही. जीबोर्डवर, म्हणजे गुगलच्या किबोर्डवर, आकड्यांच्या पानावरून चिन्हांच्या दुसऱ्या पानावर जावं लागतं. सुलटी रेघ टाकून "चुकीचं युजरनेम" असं उत्तर घेऊन बसलेले मी कितीतरी बघितलेत.

फोनच्या किबोर्डच्या आणखी तीन खोड्या आहेत. वर आलेल्या सूचनेवर बोट ठेवून युजरनेम भरलंत, की शेवटी एक मोकळी जागा आपोआप पडते. डोळ्यांना दिसत नाही, पण सर्व्हरला दिसते, आणि काही सर्व्हर तेवढ्यावरून आत घेत नाहीत. दुसरी, पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतं. युजरनेममध्ये सहसा चालून जातं, पण पासवर्ड उघडा करून टाइप करत असाल तर तिथे नाही चालत. तिसरी खास आपली: किबोर्ड मराठीवर राहून जातो. आमच्याकडे एका मुलाने एम्प्लॉयी कोड देवनागरी आकड्यांत टाकला होता. स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा मी तो तीनदा वाचला, तिन्ही वेळा बरोबरच वाटला. शेवटी शेजारच्या बाईने दाखवलं, "अगं, हा चार मराठीतला आहे." सर्व्हरला तो ४ कळत नव्हता.

पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असतं. आजूबाजूला कोणी नसेल तर ते दाबून एकदा पासवर्ड बघून घ्या. एवढ्याने अर्धे फोन कमी होतील.

आत गेल्यावर विचारलं जातं, 'साइन इन राहायचं का?' फोन तुमचा आहे आणि त्याला पिन किंवा बोटाच्या ठशाचं कुलूप आहे, तर हो म्हणा. भावाच्या, मित्राच्या फोनवर नाही म्हणा, आणि काम झाल्यावर नुसतं पान बंद करू नका, 'साइन आऊट' करा.

आता त्या पानाचं चिन्ह फोनच्या होम स्क्रीनवर ठेवा. क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांत 'अ‍ॅड टू होम स्क्रीन' आहे, आयफोनच्या सफारीत बाण वर गेलेल्या चौकोनाच्या मेनूत तोच पर्याय मिळेल. रोज त्याच चिन्हावरून उघडलंत, की पत्ता चुकायचा प्रश्न मिटला. काही ठिकाणी वेबमेलच्या मोबाईल रूपात सही, सुट्टीचं आपोआप जाणारं उत्तर, नियम, हे दिसतच नाही. तेव्हा त्याच तीन टिंबांत 'डेस्कटॉप साइट' वर टिचकी मारा. अक्षरं मुंगीएवढी होतील, पण काम होईल. झालं की परत काढून टाका.

मेल उघडत नाही: आधी नेट

एखादी अशी वेबसाइट उघडा, जी आज उघडलेली नाही. हे 'आज उघडलेली नाही' महत्त्वाचं आहे. बातम्यांचं पान फोनने आधीच साठवून ठेवलेलं असतं, ते नेट नसतानाही दिसतं आणि आपण म्हणतो, "नेट तर चालू आहे."

तेही उघडलं नाही, तर वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा, किंवा उलट करा. दोन सिमकार्डं असतील तर डेटा नेमका कुठल्या सिमवर आहे ते बघा. एअरप्लेन मोड दहा सेकंद लावून काढणं हा जुना उपाय आहे आणि अजूनही लागू पडतो.

स्टेशनवरच्या फुकट वायफायची गंमत वेगळी. गुगल आणि रेल्वेची कंपनी रेलटेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून ही सोय सुरू केली. आता ती रेलटेलकडे आहे. वायफायची खूण दिसते, पण मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकल्याशिवाय नेट मिळत नाही. तोवर वेबमेल उघडायला गेलात, तर कधी पान गोल गोल फिरत राहतं, कधी 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' अशी लाल सूचना येते. ती सूचना ओलांडून पुढे जाऊ नका. वायफायच्या नावावर दाबून आधी त्यांचं लॉगिन पूर्ण करा, किंवा सरळ मोबाईल डेटा वापरा. मी तरी ऑफिसच्या मेलसाठी डेटाच वापरते.

प्रवासात मेल लिहिणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. लोकलमध्ये फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारत असतो. मेट्रो तीनवर, म्हणजे आरे ते कफ परेड, २७ पैकी २६ स्टेशनं जमिनीखाली आहेत, तिथे रेंजचा भरवसा धरू नका. वेबमेल मधूनमधून ड्राफ्ट सेव्ह करतो, पण त्यासाठी नेट लागतं. तुम्ही बीकेसीला लिहायला घेतलंत, रेंज गेली, आणि सिद्धिविनायकला 'सेंड' दाबलंत, तर मधला परिच्छेद गेलाच समजा. त्यात वेबमेलचं सेशनही, म्हणजे एकदा केलेलं लॉगिन, काही वेळ हात लावला नाही की संपतं. मोठं उत्तर असेल तर फोनच्या नोट्समध्ये लिहा, रेंज आल्यावर चिकटवा. मी डोंबिवली ते घाटकोपर उभ्याने आणि पुढे मेट्रो एकमध्ये अंधेरीपर्यंत असेच मेल लिहिते. पाठवल्यावर 'सेंट' फोल्डर उघडून तो तिथे आहे ना, ते बघते.

आणखी एक. मेल ऑफिसच्या वायफायवर उघडतो, पण बाहेर पडलात की उघडत नाही, असं होत असेल तर तुमच्या फोनमध्ये बिघाड नाही. काही कंपन्या वेबमेल फक्त स्वतःच्या नेटवर्कमध्ये किंवा व्हीपीएनवर, म्हणजे बाहेरून त्या नेटवर्कमध्ये शिरायच्या खाजगी वाटेवर, देतात. आयटीला एवढंच विचारा, "बाहेरून परवानगी आहे का?" याच्या उलट, जाहिराती अडवणारं अ‍ॅप किंवा एखादं फुकटचं व्हीपीएन तुम्हीच टाकलेलं असेल तर ते बंद करून बघा.

मग ब्राउझर

नेट ठीक आहे, तरी लॉगिनचं पान परत परत तिथेच येतं. किंवा 'टू मेनी रीडायरेक्ट्स' असं काहीतरी. किंवा ४४० आकडा, म्हणजे सेशन संपलंय. अशा वेळी ब्राउझरच्या मेनूतून इनकॉग्निटो विंडो (सफारीत 'प्रायव्हेट') उघडून तिथे लॉगिन करा, तिथे जुनं साठवलेलं काही वापरलं जात नाही. चाललं? मग तुमचा पासवर्ड बरोबर आहे, खातं बरोबर आहे, सर्व्हरही बरोबर आहे. दोष ब्राउझरने साठवून ठेवलेल्या जुन्या कुकीजमध्ये, म्हणजे लॉगिनच्या बारीकसारीक नोंदींमध्ये, आहे. एका मिनिटाच्या या चाचणीने चारपैकी तीन शक्यता बाद होतात, म्हणून मला ती फार आवडते.

त्यानंतर सगळ्या ब्राउझरचा डेटा पुसू नका, नाहीतर बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळीकडून बाहेर पडाल. क्रोममध्ये वेबमेलचं पान उघडं असताना पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबा, तिथून त्या एकाच साइटच्या कुकीज आणि डेटा काढून टाकता येतो. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सफारीच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' खाली 'वेबसाइट डेटा' आहे, त्यात कंपनीचं नाव शोधून तेवढंच काढा. तिथेच 'सगळ्या कुकीज अडवा' हे चालू नाही ना, तेही बघा, ते चालू असेल तर लॉगिन टिकणारच नाही.

घड्याळ

हा मुद्दा खरं तर खात्यात येतो, पण मुंबईत त्याला स्वतंत्र जागा द्यावीच लागते.

आपल्यातल्या कित्येकांनी फोनचं घड्याळ पाच मिनिटं पुढे लावलेलं असतं. गाडी चुकू नये म्हणून. आमच्याकडे बदलापूरहून येणारा एक जण होता, ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला, म्हणजे पासवर्डनंतर विचारला जाणारा कोड दाखवणाऱ्या अ‍ॅपमधला, सहा आकडी कोड त्याला दर वेळी 'चुकीचा' यायचा. अ‍ॅप काढून परत टाकलं, फोन रीस्टार्ट केला, पासवर्ड अर्थातच बदलला. शेवटी मी त्याचा फोन हातात घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. फोनमध्ये अकरा वाजून सतरा, भिंतीवर अकरा वाजून अकरा.

हा कोड फोनचं घड्याळ आणि नोंदणीच्या वेळी मिळालेली एक गुप्त किल्ली यांवरून तयार होतो आणि दर ३० सेकंदांनी बदलतो. सर्व्हरही त्याच्याकडच्या घड्याळावरून तोच हिशेब करतो. थोडाफार फरक चालवून घेतात, पण सहा मिनिटं म्हणजे बारा कोड पुढे. सेटिंग्जमध्ये 'तारीख आणि वेळ' मध्ये जाऊन 'आपोआप' करा. गाडीसाठी मनगटी घड्याळ पुढे ठेवा हवं तर. तारीखच चुकलेली असेल, म्हणजे बॅटरी पूर्ण उतरून फोन मागच्या एखाद्या वर्षात गेला असेल, तर कोडपर्यंत पोचायच्या आधीच 'कनेक्शन खाजगी नाही' असं येईल.

आता खातं

'खातं लॉक झालंय' असं आलं, की हात आवरा. बऱ्याच ठिकाणी काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं ठरावीक वेळ बंद राहतं आणि आपोआप उघडतं. तुम्ही दर दोन मिनिटांनी प्रयत्न करत राहिलात तर काही यंत्रणांमध्ये तो वेळ लांबत जातो. अर्धा तास फोन बाजूला ठेवा.

उघडून परत लॉक झालं तर? इथे माझीच गोष्ट सांगते, कारण हेल्पडेस्कवर बसून मी स्वतः दोन दिवस यात घालवले. सोमवारी पासवर्डची मुदत संपली म्हणून नवीन लावला. जेवायच्या सुट्टीपर्यंत खातं लॉक. सहकाऱ्याकडून उघडून घेतलं, वीस मिनिटांत परत लॉक. परत उघडलं, परत तेच. मग मीही तेच केलं जे सगळे करतात, पासवर्ड आणखी एकदा बदलला. काही फरक नाही. मंगळवारी रात्री घरी आले तर आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटतेय आणि समोर लोणच्याच्या बरणीला टेकून माझा जुना टॅब, त्यावर कीर्तन चालू. कपाटात कित्येक महिने पडलेला तो टॅब भावाने आदल्या रविवारी चार्ज करून तिला दिला होता. वरच्या पट्टीत एक सूचना डोकावली, 'खात्यात साइन इन करा'. आईने ओल्या करंगळीने ती बाजूला सारली. "हे काय गं?" "रोज येतं ते. मी सारून टाकते."

त्या टॅबच्या मेल अ‍ॅपमध्ये माझं ऑफिसचं खातं होतं, जुन्या पासवर्डसकट. दर थोड्या वेळाने तो बिचारा सर्व्हरचं दार ठोठावत होता, चुकीची किल्ली घेऊन. खातं काढून टाकलं, प्रश्न संपला.

म्हणून पासवर्ड बदललात की आधी आठवा, हे खातं आणखी कुठे कुठे आहे: जुना फोन, टॅब, घरचा संगणक, फोनमधलं दुसरं मेल अ‍ॅप. प्रत्येक ठिकाणी नवीन पासवर्ड टाका नाहीतर खातं काढा. आणि एखाद्या जुन्या मेल अ‍ॅपमध्ये बरोबर पासवर्ड टाकूनही आऊटलुकचं ऑफिस खातं चालत नसेल, तर डोकं आपटू नका. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून त्यांच्या ऑनलाइन एक्स्चेंजवर नुसत्या युजरनेम-पासवर्डने जोडणं बंद करत आणलं. जुन्या अ‍ॅपला ब्राउझरसारखं लॉगिनचं पान दाखवता येत नसेल तर ते अ‍ॅप सोडून द्या. वेबमेलला याची झळ बसली नाही.

फोन बदलताना, किंवा भिजल्यावर

नवीन फोन घेतला, जुना मनीष मार्केटमध्ये विकला, दुसऱ्या दिवशी कोड विचारला गेला. कोड कुठे? विकलेल्या फोनमध्ये. असे फोन दिवाळीनंतर हमखास येतात.

जुना फोन हातात असतानाच ऑथेंटिकेटर नवीन फोनवर न्या. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये खाती क्यूआर कोडने हलवता येतात. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅपमध्ये बॅकअप असला, तरी ऑफिसच्या खात्याला नवीन फोनवर पुन्हा साइन इन करून मंजुरी द्यावी लागते, म्हणून 'बॅकअप आहे ना' म्हणून निर्धास्त राहू नका. नवीन फोनवरून वेबमेलमध्ये एकदा आत जाऊन बघा, मगच जुना रीसेट करा.

पावसाळ्यात फोन भिजून बंद पडला तर ही संधीही मिळत नाही. कंपनी बॅकअप कोड, म्हणजे फोन नसताना आत जायचे राखीव कोड, देत असेल तर आजच काढून कागदावर लिहा आणि घरी ठेवा. देत नसेल तर दुसरा पर्याय म्हणून घरच्या कोणाचा नाही, तुमचाच दुसरा नंबर नोंदवून ठेवा.

आणि तुम्ही लॉगिन करत नसताना 'मंजूर करा' अशी सूचना आली, तर ती मंजूर करू नका. तुमचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागलाय. पासवर्ड ताबडतोब बदलायचा, तो या वेळी.

सर्व्हर

शेजारच्याला विचारा, "तुझा उघडतोय का?" त्याचाही उघडत नसेल तर चहा घ्या. पानावर ५००, ५०२, ५०३ असे पाचने सुरू होणारे आकडे दिसले तरी तेच, दोष त्यांच्या बाजूला आहे.

मात्र परत आलेल्या मेलमधले आकडे वेगळे वाचायचे. 'मेलर डीमन' कडून, म्हणजे मेल पोचला नाही हे कळवणाऱ्या सर्व्हरकडून, आलेल्या उत्तरात ५५० आणि ५.१.१ दिसलं, तर समोरच्याचा पत्ताच चुकलाय. ५५२ किंवा ५.२.२ असेल तर त्याचा डबा भरलाय. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर स्वतःच परत प्रयत्न करतोय, तुम्ही तोच मेल पाच वेळा पाठवू नका.

अटॅचमेंट

जीमेलची मर्यादा २५ एमबी, मग २२ एमबीची फाईल का जात नाही? कारण मेलमधून जाताना फाईलचं अक्षरांत रूपांतर होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते. १८ एमबीच्या वर गेलात की लिंक पाठवा. फॉर्मचे फोटो पाठवायचे असतील तर कॅमेऱ्याने काढून एकेक जोडू नका. आयफोनच्या नोट्समध्ये किंवा अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमध्ये स्कॅन करायची सोय आहे, सगळ्या पानांची एकच हलकी पीडीएफ होते.

'विनमेल डॉट डॅट' नावाची फाईल आली आणि उघडत नाही? पाठवणाऱ्याच्या आऊटलुकने मेल रिच टेक्स्टमध्ये पाठवलाय. त्याला एचटीएमएलमध्ये परत पाठवायला सांगा, तुमच्या फोनचा दोष नाही.

मराठी कागदपत्रांचं दुखणं निराळं. सोसायटीचं पत्र, जुना करारनामा, एखाद्या कार्यालयाचं परिपत्रक वर्डमध्ये येतं आणि फोनवर उघडलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ दिसते. फाईल बिघडलेली नसते. ती श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट तुमच्या फोनमध्ये नाही, म्हणून आतली मूळ अक्षरं उघडी पडतात. दहा अ‍ॅप डाउनलोड करत बसू नका, पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागा, आणि बदल करायचा असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये, मागा. मेलच्या मजकुरातच सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र वाटेत कुठेतरी अक्षरं पुसली गेलीत. ती तुमच्या फोनवर परत येणार नाहीत, मेल पुन्हा मागवा.

वेबमेलचं फोनवर काही राहत नाही, असं मी वर सुचवलं, त्याला एक अपवाद आहे. उघडलेल्या अटॅचमेंट 'डाउनलोड्स' मध्ये पडून राहतात. पगाराच्या स्लिपा, ग्राहकांच्या याद्या, सगळं. शुक्रवारी घरी जाताना तो फोल्डर रिकामा करा.

'तुमचा मेलबॉक्स भरला आहे, चालू ठेवण्यासाठी इथे दाबा' हा मेल तुम्हाला येणारच. फोनवर पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, त्यावर दाबून पूर्ण पत्ता बघा. लिंकवर न जाता होम स्क्रीनवरच्या चिन्हावरून वेबमेल उघडा. जागा खरंच संपली असेल तर तिथे दिसेल. चुकून पासवर्ड दिलाच असेल तर लाजू नका, आयटीला लगेच फोन करा. पैसेही गेले असतील तर १९३० वर.

हेल्पडेस्कला फोन करताना

'मेल चालत नाही' एवढ्यावर आम्हाला काही कळत नाही. हे सांगा: किती वाजता झालं, डेटावर की वायफायवर, फोन कुठला, ब्राउझर कुठला, इनकॉग्निटोमध्ये काय झालं, शेजारच्याचा चालतोय का, आणि पडद्यावर नेमके शब्द काय आले. 'काहीतरी एरर' नको, शब्द हवेत. स्क्रीनशॉट त्याहून चांगला. फक्त पाठवायच्या आधी एकदा नीट बघा. परवा एका मुलीने पाठवला, अगदी व्यवस्थित, वेळ, आकडा, सगळं त्यात होतं. वरच्या पट्टीत तिच्या बँकेचा ओटीपीही होता.